खुणेची बाजू

१२ जानेवारी

जमिनीचे हादरे न पोचणारं टेबल, सायकलच्या चार ट्यूबांवर तोललेलं. आईच्या जुन्या शिवणयंत्राच्या मोटरीवर चालणारं घासायचं चक्र. टंगस्टनच्या तारेच्या सुया, टोक इतकं बारीक की ते दिसत नाही, फक्त तार संपली एवढं कळतं. पितळी डबीतला अँप्लिफायर. आणि नमुना धरायचा होल्डर, कृत्रिम नीलमण्याच्या चकतीवर बसवलेला; शंभर व्होल्टला त्यातून एक पिकोअँपिअरसुद्धा गळत नाही. शिवाय घरी फडताळ, डब्यांची मांडणी आणि आईची खुर्ची.

तुमच्या संस्थेच्या समितीनं मोजणाऱ्यासाठी पाठवलेल्या फॉर्ममध्ये ‘शैक्षणिक पात्रता’ असा रकाना होता. त्यात मी हे सगळं लिहून दिलं, सगळं माझ्या हातचं. घरातल्या तीन वस्तू आमच्या वर्कशॉपच्या प्रमुख मॅडमनी खोडायला लावल्या. खुर्ची खोडताना मला वाईट वाटलं, तिचे सांधे होल्डरपेक्षा सरस आहेत.

पुढचा रकाना होता ‘अर्जदाराशी नातं’, म्हणजे तुझ्याशी. मी ‘पती’ लिहिलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, अजून? मी म्हटलं, कोणी खोडायला सांगितलेलं नाही.

तर तुझ्या स्फटिकांचे तीन तुकडे आमच्याकडे आले आहेत. एवढ्या पातळ चकतीतला एवढा बारीक करंट मोजणारा होल्डर दुसरीकडे नाही, म्हणून समितीनं नात्याकडे कानाडोळा केला. पण अट घातली आहे: निकाल लागेपर्यंत तू आणि मी नमुन्यांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. हसू आलं. चार वर्षं कोणी अट न घालता आपण ती पाळतोच आहोत.

म्हणून ही पत्रं लिहून खणात ठेवीन आणि निकाल लागला की एकदम टाकीन.

निकालावर काय अवलंबून आहे ते मॅडमनी मला दारं लावून सांगितलं. तुझ्या स्फटिकांतल्या भिंतींतून करंट जातो हे सिद्ध झालं तर तुझी भट्टी चालू राहणार. नाही तर फेब्रुवारीअखेरीनंतर बंद. भट्टी एकदा थंड झाली की आतली मूस तडकते, आणि ती मूस पुन्हा कोणी विकत घेऊन देणार नाही, हे मला मॅडमनी सांगायची गरज नव्हती. त्या भट्टीसाठी तू इथून गेलीस. मला तिथं ‘मदतनीस’ म्हणून बोलावलं होतं आणि मी गेलो नाही. ते आज उकरत बसत नाही.

आईचा गुडघा बरा आहे.

— मी

२० जानेवारी

आईनं तिसऱ्यांदा विचारलं, सुनेच्या दगडात आहे तरी काय. म्हटलं आता सांगूनच टाकू. तिच्या चिंध्यांच्या पिशवीतून मखमलीचा तुकडा काढला. अर्ध्या भागाची लव वर फिरवली, अर्ध्याची खाली. मधे रेघ उमटली.

तिला सांगितलं, दगड आतून असाच आहे. एका पट्ट्यातले सगळे कण वर तोंड करून, शेजारच्या पट्ट्यातले खाली तोंड करून. एका तोंडाच्या पट्ट्याला डोमेन म्हणायचं आणि दोन पट्ट्यांमधल्या या रेघेला भिंत. दगडातून वीज जात नाही, काचेतून जात नाही तशीच. पण भिंतीतून जाते असं तुझ्या सुनेचं म्हणणं आहे.

“कुठल्याही भिंतीतून?”

म्हटलं नाही. भिंत सरळ उभी असेल तर काही होत नाही. ती तिरकी असेल तर तिच्यावर विजेचे कण गोळा होतात आणि वाट तयार होते. म्हणून तुझी सून काय करते, दगडाच्या एका तोंडावर डोमेन पेरते आणि ते गाजरासारखे निमुळते होत आत जातात. निमुळते, म्हणून त्यांच्या भिंती तिरक्या. गाजर दगडाच्या तळापर्यंत पोचत नाही. मग मी तळाकडून घासत यायचं, गाजराचं टोक उघडं पडेपर्यंत. भिंत आरपार झाली की एका बाजूला चांदीचा लेप, दुसऱ्या बाजूला सुई, आणि मोजायचं.

आई मखमल पुन्हा सारखी करत होती. म्हणाली, “म्हणजे ताठ असली तर काही नाही, जरा कलली तर जातं. मग तुझ्यातून कधी जायचं नाही.”

मी म्हटलं, हे विज्ञान आहे. ती म्हणाली, असेना.

पहिला तुकडा मोजून झाला. कसं केलं ते तुला सविस्तर सांगतो, कारण पुढं कोणी विचारलं तर तुला ठाऊक असावं. दोन्ही तोंडं खरबरीत होती, समितीच्या नियमाप्रमाणे, मोजणाऱ्याला आतलं आधी दिसू नये म्हणून. एका तोंडाच्या कोपऱ्यात हिऱ्याच्या टोकानं केलेला ठिपका. खूण नेहमी कामाच्या, म्हणजे पेरलेल्या, तोंडावर असते. मी आजवर जेवढे नमुने हाताळले त्या सगळ्यांवर तशीच होती. म्हणून ठिपक्याचं तोंड मेणानं खाली चिकटवून जपलं आणि दुसरं घासत आलो. घाई केली नाही. मेण तापवतानासुद्धा हात ठेवून पाहत होतो.

सुई ओळीनं ओळ फिरली. पडदा काळाच राहिला. शंभर व्होल्टलाही काळा.

अर्थात मी आधी स्वतःवर संशय घेतला. होल्डर उघडला, स्पिरिटनं पुसला, ठाऊक असलेला नमुना लावून पाहिला. बरोबर आकडा आला. मग तुझा तुकडा पुन्हा लावला. पुन्हा काळा.

एका तुकड्यावरून काही ठरत नाही.

— मी

२९ जानेवारी

दुसराही तसाच.

मायक्रोस्कोपखाली पाहिलं. घासलेल्या तोंडावर बारीक बारीक ठिपके, गाजराची टोकं असावीत तसे. खालच्या तोंडावर बारीक खिडकीसारखी जागा पॉलिश करून पाहिली, काही नाही. म्हणजे भिंती आहेत, पण आरपार गेलेल्या नाहीत. अहवालात मी लिहिलं: ‘डोमेन उथळ आहेत, भिंतींमधून प्रवाह आढळला नाही.’ ‘उथळ’ या शब्दापाशी बराच अडलो. दुसरा शोधला. नेमका हाच होता.

दोन तुकड्यांचा निकाल सारखा आला तर तिसरा न उघडता परत करायचा, असा नियम आहे. मी सही केली.

आता एक सांगतो. होल्डरला मी थोडं गळू देऊ शकलो असतो. नीलमण्यावर बोटाचा घाम लागला तरी पाच-दहा पिको सहज दिसतात. पडदा उजळला असता, समितीनं टाळ्या वाजवल्या असत्या, भट्टी चालू राहिली असती. कोणाला कळलं नसतं. तुला कळलं असतं. तू आकडे नुसते पाहून विचारलं असतंस, हात धुतले होते का.

तू इथं असतानाही मी तुला कधी गोड लागेल म्हणून काही सांगितलं नाही. तेव्हा त्याचा तुला राग यायचा. आत्ता मलाच येतो आहे.

घरी येऊन आईला काही बोललो नाही. तिनं ताट वाढलं आणि काही विचारलं नाही, म्हणजे तिला समजलं.

— मी

३ फेब्रुवारी

हे पत्र मी उभ्यानं लिहितो आहे, कारण बसवत नाही.

सकाळी आई साखर शोधत होती. तू गेल्यापासून तिनं मांडणीवरचा एकही डबा कमी केलेला नाही. दोन माणसांना एवढे डबे कशाला, असं मी म्हटलं की ती ऐकू न आल्यासारखं करते. तर ती एकेक डबा डोक्यावर उचलून तळाशी बघत होती आणि पुटपुटत होती, नावं तळाला चिकटवायची ही कसली तऱ्हा.

मी तिच्या हातून डबा घेतला आणि तसाच उभा राहिलो.

आई म्हणाली, “साखर आहे ती. फुटायची नाही.”

वरच्या बाजूला हात लागतात, तेल लागतं, नाव पुसलं जातं. कामाच्या बाजूला खूण करायची नसते. हे तू आपल्या लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतंस आणि मी तुला वेड्यात काढलं होतं. तुझ्या छत्रीवरचं नाव दांड्याच्या आतल्या अंगाला असतं. वहीवरचं मागच्या पुठ्ठ्यावर. एवढी वर्षं मी ते रोज पाहिलं, त्यावर रोज कुरकुर केली, आणि तुझा तुकडा हातात आला तेव्हा तो जणू कोणा परक्याचा आहे असा धरला.

ठिपका तू तळावर केला असशील, तर मी दोनदा तळ जपला आणि पेरलेलं तोंड घासून टाकलं. गाजराचं डोकं माझ्या चक्रावर गेलं, हाती शेपूट राहिलं, आणि वर मीच लिहिलं, उथळ.

‘असशील तर.’ तुला विचारता येत नाही. विचारलं तर तिसऱ्या तुकड्याच्या निकालाला काडीची किंमत राहणार नाही. बाजू ओळखायला आधी खिडकी पॉलिश करून आत पाहणं नियमात बसत नाही. ॲसिड लावून पाहता येत नाही. भिंतीच्या तोंडाशी खड्डा पडतो, मग मोजण्यात अर्थ नाही. चौथा तुकडा नाही. माझा अंदाज चुकला आणि ठिपका सगळ्यांसारखाच कामाच्या तोंडावर असला, तर तुझा शेवटचा तुकडाही मीच माझ्या हातानं वाया घालवणार.

मॅडमकडे गेलो. म्हटलं अहवाल मागं घ्यायचा आहे, मी उलटी बाजू घासली. त्यांनी पुरावा विचारला. मी म्हटलं, आमचे साखरेचे डबे.

त्या आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, “समितीला काय कळवू? नवऱ्यानं बायकोसाठी शब्द फिरवला?”

“कळवा की मोजणाऱ्यानं नमुन्याची बाजू ओळखण्यात चूक केली. खाली माझी सही असेल.”

त्यांनी फोन लावला. मी समोरच उभा होतो. पलीकडचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. त्यात ‘अपेक्षितच होतं’ असे शब्द होते.  शेवटी समितीनं तिसरा तुकडा उघडायला परवानगी दिली, ती अशी: समितीवरच्या एक बाई येणार. त्यांच्यादेखत मी घासायचं. पण सुई, होल्डर आणि मोजमाप त्या करणार, आणि त्या वेळी मी खोलीत नसायचं.

माझ्या होल्डरला आजवर दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. तुलाही मी लावू दिला नव्हता. दाराशी उभी राहून बघायचीस.

मी हो म्हटलं.

— मी

१२ फेब्रुवारी

समितीच्या बाई मोजून बोलणाऱ्या निघाल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, तुमच्याबद्दल माझं काही मत नाही, ते होऊ नये म्हणून मला तुमच्याशी गप्पाही मारायच्या नाहीत. मला त्या आवडल्या.

मी ठिपक्याचं तोंड वर ठेवून तुकडा चिकटवला. त्यांनी नोंद केली. चक्र सुरू करण्याआधी माझा हात क्षणभर थांबला, त्याचीही त्यांनी नोंद केली असावी. मग ठिपका गेला. पहिल्या काही मिनिटांतच तो पुसला गेला आणि त्यानंतर मागं फिरायला जागा नव्हती.

घासताना मी एकच विचार करत होतो: आपली बायको छत्रीच्या दांड्याच्या आत नाव घालते. भट्टीपाशी गेली म्हणून ती वेगळी होईल का? आणि मग उलटं वाटायचं, चार वर्षं झाली, माणसं बदलतात, तिनं तिथल्या लोकांसारखी खूण करायला सुरुवात केली असेल. मला काय ठाऊक ती आता कशी राहते.

पॉलिश संपल्यावर मायक्रोस्कोपात मी पाहिलं नाही. बाईंनी पाहिलं. वहीत नोंद केली.

मग होल्डर. मी त्यांना सगळं समजावून दिलं. डावा स्क्रू पाव फेराच फिरवायचा, नीलमण्याला उघडं बोट लावायचं नाही, झाकण लावल्यावर आकडा स्थिर व्हायला वेळ द्यायचा, टेबलाला कोपर टेकवायचं नाही. दुसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, “मी करते.” मी बाहेर आलो.

कॉरिडॉरमध्ये बाकावर आई बसली होती. मी डबा विसरलो असं कारण काढून आली होती. डबा माझ्या पिशवीतच होता. शेजारी बसलो. दार बंद झालं.

ती म्हणाली, “तुझं यंत्र दुसऱ्याच्या हातात दिलंस.”

“दिलं.”

“चांगलं केलंस. तेवढ्यानं झिजत नाही.”

 आतून अँप्लिफायरच्या खटक्याचा आवाज आला, बरोबर वेळ देऊन लावलेला. बाईंचा हात चांगला आहे हे मला त्या एका आवाजावरून कळलं. आईनं मला विचारलं, उलट निघालं तर? मी म्हटलं, तर भट्टी जाईल. “आणि तू?” मी दाराकडे बघितलं. ती म्हणाली, मला एवढंच विचारायचं होतं.

दार उघडलं. बाई म्हणाल्या, “तुमचा होल्डर गळतो का?”

“नाही.”

“मीही तपासलं. या.”

पडदा काळा होता आणि त्यावर सहा कोनांच्या आकृत्या उजळल्या होत्या, बारा-पंधरा, विस्कटून टाकलेल्या. आत काळं, बाहेर काळं, फक्त कड पेटलेली. कडेवर तीनशे पिकोअँपिअर, आणि कडेपासून केसाच्या जाडीइतकंही सरकलं की शून्य. बाईंनी व्होल्ट उतरवले, कडा विझल्या. चढवले, पेटल्या. माझ्यादेखत पुन्हा एकदा केलं, मग पेन काढून सही केली. जाताना म्हणाल्या, त्या बाईंना सांगा, खूण कुठं करतात ते पुढच्या वेळी समितीला लिहून द्या. मग जरा थांबून म्हणाल्या, किंवा नका सांगू.

आईला आत बोलावलं. तिनं पडद्याला नाक लावून पाहिलं. आयुष्यभर कपडे शिवलेली बाई, ती काय म्हणणार. म्हणाली, “टीप सुरेख घातलीये पोरीनं. एक टाका सुटलेला नाही.”



आज सगळी पत्रं एका पाकिटात टाकतो आहे. तारखेच्या क्रमानं वाच. २९ तारखेचं काढून टाकावं असं वाटलं होतं. काढलं नाही.

— मी

६ मार्च

तुझं उत्तर आलं. पोस्टमननं आईच्या हातात दिलं आणि तिनं ते फोडलं नाही, फक्त संध्याकाळपर्यंत मांडीवर ठेवलं.

भट्टीला तीन वर्षांची मंजुरी मिळाली हे मॅडमकडून आधीच कळलं होतं, पण तुझ्या अक्षरात वाचायला बरं वाटलं. समितीकडून आलेल्या अहवालात ‘उथळ’ वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही, असं लिहिलंस. मग लिहिलंस, ‘तिसऱ्या दिवशी वाटलं, माप यांचं आहे म्हणजे पेरण्यातच माझं चुकलं असणार, आणि पुन्हा पेरायला बसले.’ हे मी आईला वाचून दाखवताना मधे थांबलो. तुझं चुकलं नसतानाही तू माझं माप धरलंस. असं माप यापुढं दोनदा तपासूनच देईन.

आणि ते डब्यांचं. ‘तुम्हाला त्यांचा फक्त वैताग येतो असं मला वाटायचं.’ वैताग यायचाच. अजून येतो. मांडणी तशीच आहे.

शेवटी एक ओळ आहे, आणि ती कशासाठी आहे ते तू लिहिलेलं नाहीस: ‘भट्टीशेजारची खोली रिकामी झाली आहे, उत्तरेकडून उजेड येतो, घासायच्या कामाला चांगला.’ ती मी बऱ्याचदा वाचली. मग आईनं वाचली. ती म्हणाली, बाई सरळ बोलत नाही आणि बुवाला तिरकं कळत नाही, तुमचं लग्न मी जमवलं कसं.

म्हणून मी सरळ विचारतो. खोलीच्या दाराची रुंदी कळव, लाकडाच्या आतून आतपर्यंत. टेबल तीन फूट दोन इंच आहे आणि ते मोडून जोडायचं नाही. फरशी हलते का ते पाण्याची वाटी ठेवून बघ. अर्थिंग वेगळं आहे की भट्टीच्याच तारेवर, ते विचारून घे. आईसाठी तळमजल्यावर काही असेल तर बघ. ती म्हणते तिला जिना चालतो, तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. तिथल्या कागदावर माझ्या हुद्द्यापुढं काय लिहायचं ते त्यांना लिहू दे. होल्डर मी मांडीवर घेऊन येईन, सामानात देणार नाही. तो कसा लावायचा ते तुला पहिल्याच दिवशी शिकवतो. डावा स्क्रू पाव फेरा.

आता एक गोष्ट, दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर येण्याआधी. तुझ्या तुकड्याच्या पडद्याचं चित्र चार ठिकाणी पाहिलं गेलं, त्यावरून गेल्या सोमवारी मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस आमच्या वर्कशॉपमध्ये आला. स्वच्छ बूट, हळू बोलणारा. होल्डरची रचना त्यांना द्यायची, आणि मी याच गावात राहून पाच वर्षं त्यांचं वर्कशॉप चालवायचं, प्रमुख म्हणून. हाताखाली सहा माणसं, दारावर माझं नाव. मी त्याला चहा दिला आणि नाही म्हटलं. त्याला वाटलं मी आकडा नीट ऐकला नाही, म्हणून त्यानं तो पुन्हा सांगितला. मी नीट ऐकला होता. तुझ्यावर उपकार म्हणून हे लिहीत नाही, नोंद असावी म्हणून लिहितो: वर्षाला बावीस लाख, आणि होल्डरचे वेगळे नऊ.

— मी